गळती दिसते कुठे आणि लागते कुठे?

पाणी जिथे साचलेले दिसते तिथून ते आत आलेले असतेच असे नाही. हे आम्ही कुठल्या ग्रंथात वाचून शिकलो नाही. एका जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पालथे पडून, तोंडात बॅटरी धरून शिकलो. आणि शिकल्यावर वाटले की ही गोष्ट केवळ गाडीवाल्यांच्या कामाची नाही, चळवळीतल्या प्रत्येकाच्या कामाची आहे. म्हणून हा लेख.

गाडी आमच्या तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतल्या तरुणाची. कर्ज काढून, जुनी, दुसऱ्याने वापरलेली घेतलेली. एरवी ती विटा, सिमेंट, आंब्याच्या पेट्या, लग्नाची भांडी वाहते. त्यावर त्याचे घर चालते आणि महिन्याचा हप्ता जातो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात मात्र आठवड्यातले दोन दिवस ती चळवळीची असते. वाडीवाडीवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ग्रंथाच्या प्रती, माइकचा सेट, चालवत नाही अशा म्हाताऱ्या उपासिका, सगळे त्याच गाडीतून जाते. आणि कोकणात वर्षावासाचे महिने म्हणजेच कोसळत्या पावसाचे महिने.

मागचा हौदा उघडा, त्यावर ताडपत्री. म्हणून पुस्तके केबिनमध्ये, डाव्या सीटच्या पायाशी ठेवायची पद्धत. जुलैमध्ये एका सकाळी गठ्ठा उचलला तर तळाच्या प्रती पाणी पिऊन फुगलेल्या. वर्गणी काढून आणलेली पुस्तके होती ती. मॅटखाली बोटभर पाणी, आणि डॅशबोर्डखाली त्याच बाजूला फ्यूजचा डबा. आज पुस्तके भिजली, उद्या वायरिंग जाईल आणि गाडी उभी राहील. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही.

आता बघा, गळती एकच, पण निदाने किती निघाली.

पहिले निदान शेजारगावातल्या एकाचे. "गाडी घेतली तेव्हा नारळ फोडला नाहीत. लिंबू-मिरची नाही, काळी बाहुली नाही. मग असंच होणार." आमच्या गाडीवाल्याच्या घरातल्याच एकाने, कुणाला न सांगता, नारळ वाढवला. पुढचे तीन दिवस केबिन कोरडी! झाले, नारळाचा महिमा वाडीभर पसरला. कुणीच विचारले नाही की त्या तीन दिवसांत पाऊस किती पडला. पडलाच नव्हता. चांगली उघडीप होती. चौथ्या दिवशी सर आली आणि मॅट पुन्हा ओली.

दुसरे निदान गॅरेजचे. तिथल्या माणसाने गाडीकडे लांबूनच पाहिले आणि म्हणाला, पुढची काच गळते. काचेच्या चारी बाजूंनी सिलिकॉन फासून दिले, पैसे घेतले. दोन पावसांनंतर पाणी होतेच. पुन्हा नेली, त्याने सिलिकॉनवर सिलिकॉन चढवले, पुन्हा पैसे घेतले. काच खरोखर गळते का, हे एकदाही पाणी ओतून पाहिले नाही. नारळाने खिसा एकदाच हलका झाला होता, सिलिकॉनने दोनदा. एकाला आम्ही अंधश्रद्धा म्हणतो आणि दुसऱ्याला दुरुस्ती. पण तपासल्याशिवाय दिलेला उपाय नारळाचा असो की सिलिकॉनचा, त्याची जात एकच.

तिसरे निदान आमच्याच काही कार्यकर्त्यांचे होते आणि तेच सर्वांत जास्त लागले. "तो काच उघडी ठेवून झोपतो. बेफिकीर आहे. आपल्या पोरांना वस्तू सांभाळता येत नाहीत." गाडीवाला पोरगा खाली मान घालून म्हणाला, "दादा, मी काच उघडी ठेवत नाही हो. रात्री दोनदा उठून बघतो." त्याचे बोलणे कुणी मोजलेच नाही.

इथे आमचा मुद्दा सुरू होतो. जो भिजतो त्यालाच भिजण्याबद्दल दोषी धरायचे, ही सवय या देशात फार जुनी आहे. शाळेतून मूल बाहेर पडले की म्हणायचे, त्याला अभ्यासाची आवड नाही. सरकारी भाषेत त्याला शब्दही नेमका हाच आहे: गळती. मूल जिथून बाहेर पडते ती शेवटची जागा सगळ्यांना दिसते. पण ते कुठल्या चिरेतून निसटायला लागले, घरातली मजुरी, शाळेचे अंतर, वर्गातला अपमान की अडकलेली शिष्यवृत्ती, हे शोधायला पालथे पडावे लागते. ते कष्ट कुणाला नको असतात. त्यापेक्षा पोराला नाव ठेवणे स्वस्त.

म्हणून आम्ही ठरवले की निदान बाजूला ठेवायचे आणि आधी नोंदी करायच्या. एक वही घेतली. रोज सकाळी लिहायचे: रात्री पाऊस किती, गाडी कुठे उभी होती, तोंड कुठल्या दिशेला, काचा बंद होत्या का, मॅटखालून किती पेले पाणी निघाले. पाणी कसले आहे तेही पाहिले. इंजिन थंड ठेवणारे कूलंट असते तर ते रंगीत आणि बोटाला चिकट लागले असते, वासही गोडसर आला असता. हे साधे, किंचित मातकट पाणी होते आणि केवळ पाऊस पडल्यावरच येत होते. म्हणजे ते बाहेरचेच. काचा बंद असलेल्या रात्रीही येत होते. म्हणजे गाडीवाला पोरगा खरे बोलत होता. वहीच्या पहिल्या आठवड्याने पहिले काम हे केले, की एका माणसावरचा आरोप उतरवला.

मग तपास. तो कसा करायचा हे नीट सांगतो, कारण पावसाळ्यात गाडीवर पोट असलेली आपली पोरे कमी नाहीत.

आधी आतले सगळे कोरडे करायचे. मॅट, त्याखालचा जाड नमदा, फोम, सगळे बाहेर. हा नमदा पाणी धरून ठेवतो. चार दिवस पाऊस नसला तरी दाबला की ओला लागतो आणि गळती चालूच आहे असे वाटते. शिवाय खालचा पत्रा आतून गंजवतो. उन्हात, नाहीतर चुलीच्या उबेला ठेवून तो वाळवायचा. उघड्या पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरायची. वर्तमानपत्रावर थेंब पडला की डाग लगेच दिसतो आणि तो कुठे पडला तेही कळते.

मग एक जण आत बॅटरी घेऊन, एक जण बाहेर पाण्याची नळी घेऊन. नळीला जोर नको. सर्व्हिस सेंटरची प्रेशरची नळी तर मुळीच नको, कारण ती पावसाचे पाणी जिथे कधीच जाणार नाही तिथेही पाणी घुसवते आणि भलताच गुन्हेगार पकडून देते. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाणी खालून वर सोडत जायचे. पहिल्यांदाच टपावर ओतले तर ते सगळ्या सांध्यांवरून वाहत येते आणि कुठला सांधा गळला हे कळत नाही. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची कड, मग वायपरखालची जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, आणि शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे. एका वेळी एकच जागा.

दार आधी कागदाने तपासले. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि ओढायची. अडखळत आली तर रबर दाबून बसते आहे, सहज सुटली तर तिथे फट आहे. आमच्या दाराचे रबर ठीक होते. दाराच्या काचेवरचे पाणी दाराच्या पोटात जातेच, तसेच ते बनवलेले असते. पण दाराच्या तळाला ते बाहेर सोडणारी छिद्रे असतात. ती तांबड्या मातीने बुजली होती, काडीने मोकळी केली. नळी लावली, वर्तमानपत्र कोरडे.

वायपरखालच्या जाळीवर पाणी सोडले आणि आतला ओरडला. डॅशबोर्डखालून धार! या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरून उतरलेले पाणी त्यात जमते आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी खाली जमिनीवर जाते. त्याच पन्हळीतून पंख्याला बाहेरची हवा घेणारे तोंड असते. वाडीवर गाडी गुलमोहराखाली उभी राहायची. त्याची बारीक पाने जाळीतून आत जाऊन, कुजून, चिखलाचा बूच झाला होता. वाट बंद, पन्हळ तुडुंब, आणि पाणी हवेच्या तोंडातून पंख्यात, तिथून डाव्या पायाशी. जाळी काढली, ओंजळभर काळा गाळ निघाला. पुन्हा नळी लावली, पाणी दोन्ही बाजूंनी खळखळ खाली गेले.

बहुतेक लोक इथे थांबतात. कारण सापडले, टाळ्या वाजवा, चहा घ्या. आम्ही वही बंद केली नाही. पुढच्या आठवड्यात वहीने दाखवले की पाणी निम्म्याहून कमी झाले, पण संपले नाही. आणि एक विचित्र गोष्ट दिसली. गाडी हायवेच्या नाक्यावर सपाट जागी उभी असेल तर केबिन कोरडी. वाडीच्या उतारावर, तोंड खाली आणि अंग थोडे डावीकडे कललेले, अशी उभी असेल तर ओली. पाऊस तोच, गाडी तीच. फक्त उभे राहण्याचा कल वेगळा.

याचा अर्थ पाणी मागून पुढे येत होते. म्हणून राहिलेला तपास पुरा केला. काचेची खालची कड, कोरडी. दोन्ही बाजू, कोरड्या. ज्या काचेवर दोनदा सिलिकॉन चढले ती काच कधी गळतच नव्हती! शेवटी गाडी उतारावर लावली आणि टपावर पाणी सोडले. सहा-सात मिनिटांनी डाव्या खांबाच्या आतून, डॅशबोर्डच्या मागून, वर्तमानपत्रावर थेंब. एक, मग दुसरा.

दाराचे रबर ओढून टपाच्या आतले अस्तर कडेने सैल केले. बोटांना वर ओल लागली. आता बाहेरून नेमकी जागा हवी होती. काचा-दारे बंद करून पंखा बाहेरची हवा घेईल असा पूर्ण वेगाने लावला. आत हवेचा दाब वाढतो आणि ती फटीतून बाहेर निघू पाहते. टपावर साबणाचे पाणी ब्रशने लावत गेलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, वरून अगदी गुळगुळीत दिसणाऱ्या पांढऱ्या रंगावर, बारीक फुगे उठू लागले.

रंग खरवडला. खाली पुट्टी, पुट्टीखाली भोक. आधीच्या कुठल्या तरी मालकाने टपावर कॅरियर बसवले होते. गाडी विकताना कॅरियर काढून घेतले, चार भोके पुट्टीने बुजवली आणि वरून रंग मारला. उन्हाने आणि कोकणातल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी पुट्टी तडकली. पाणी टपाच्या मागच्या कोपऱ्यात शिरायचे, आतल्या पत्र्याच्या कडेकडेने पुढे धावायचे, खांबातून खाली उतरायचे आणि पायाशी साचायचे. शिरायचे वर आणि मागे, दिसायचे खाली आणि पुढे. उरलेल्या तीन भोकांवर फुगे नव्हते, तरी तीही उकरली. तिन्हींखाली गंज होता. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा नंबर लागला असता.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत होईपर्यंत काढला, रेडऑक्साइड लावले, प्रत्येक भोकात रबरी वॉशर घालून बोल्ट आवळला, भोवती गाड्यांच्या सांध्यांसाठी येणारे पॉलियुरेथेन सीलंट भरले आणि वाळल्यावर रंग दिला. सिलिकॉन टाळले. त्याच्यावर रंग धरत नाही, आणि ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन उघड्या पत्र्याला उलट गंज आणते. त्यानंतर उतारावरही वर्तमानपत्र कोरडे राहिले. वही आम्ही आणखी तीन आठवडे चालू ठेवली, कारण एका कोरड्या सकाळीने काही सिद्ध होत नाही. हे नारळाने शिकवलेच होते.

मित्रांनो, आता प्रश्न असा की हे सगळे आम्ही चळवळीच्या लेखात का सांगतो आहोत?

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींवर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात जातीची उत्पत्ती आणि विकास यांच्याही आधी शब्द आहे, यंत्रणा. जात वाईट आहे एवढे सांगून पंचवीस वर्षांचा तो विद्यार्थी थांबला नाही. ती चालते कशी, कुठल्या भागावर कुठला भाग टेकलेला आहे, हे त्याने उलगडले आणि आपल्याच जातीत लग्न करण्याच्या बंधनावर बोट ठेवले. वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण मंडळाला पेलवले नाही. अधिवेशन रद्द झाले आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. ते भाषण हातात घ्या आणि त्याची रीत पाहा. आधी पोटजाती मोडण्याचा उपाय तपासला आहे. मग सहभोजनाचा. मग आंतरजातीय विवाहाचा, आणि खरा उपाय तोच असे म्हणूनही पुढे विचारले आहे की मग लोक तो करत का नाहीत? तिथून ते शास्त्रांच्या पावित्र्यावरच्या श्रद्धेपर्यंत पोहोचतात. खालून वर, एकेक सांधा तपासत. पाणी जिथे साचते तिथे फडके मारत बसणाऱ्या सुधारकांना त्यांनी टपाकडे पाहायला लावले.

आणि टपावर काय होते? रंग. आजही कुणी म्हणतो, "आता जात कुठे राहिली?" म्हणजे कॅरियर काढून घेतले, भोक बुजवले, वरून पांढरा रंग मारला. वरून गुळगुळीत. पण भाड्याने खोली शोधायला गेलेल्या पोराला आडनाव विचारतात, लग्नाच्या जाहिरातीत पोटजात छापतात, गटार उपसायला ठरावीक वस्तीतलेच माणूस बोलावतात. हे खाली दिसणारे पाणी आहे. पाणी दिसते आहे तोवर रंगावर विश्वास ठेवायचे कारण नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते याहून वेगळे नव्हते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे तरी काय? प्रत्येक गोष्टीला कारण असते, ते कारण दूर केले की ती गोष्ट थांबते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१क आले आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मासोबत आले आहे. मग दीक्षेनंतर इतक्या वर्षांनी आपल्याच घरात गुपचूप नारळ का फुटतो? तो फोडणाऱ्याला शिव्या देऊन भागणार नाही. त्याच्या डोक्यावर हप्ता होता, गाडी बंद पडण्याची भीती होती आणि भरवशाचा मेकॅनिक नव्हता. भीतीच्या भोकातून अंधश्रद्धा शिरते. ते भोक बुजवायचे तर व्याख्यानासोबत हातात नळी आणि वहीही घ्यावी लागेल.

आणखी एक. हे काम करताना आमच्यातल्या काही पदवीधरांचे हात काळे झाले आणि गाडीवाल्या पोराने त्यांना पाना धरायला शिकवले. पन्हळीची वाट कुठून जाते हे त्यालाच ठाऊक होते. वहीत कल नोंदवायची युक्तीही त्याचीच. जातीने केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी केली, हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण भाषणात सांगतो. मग चळवळीच्या बैठकीत बोलणारे खुर्चीवर आणि गाडी चालवणारा बाहेर गाडीपाशी, असे का? जो गाडी चालवतो त्याला गाडीबद्दल आधी विचारा. जो भिजतो त्याला पाण्याबद्दल आधी विचारा. तिसरे निदान करणाऱ्यांनी हे केले असते तर दोन आठवडे आणि एका पोराची मान वाचली असती.

संघटनेलाही गळती लागते. कार्यकर्ते येईनासे होतात, वर्गणी आटते, वाचनाला माणसे कमी होतात. लगेच निदान तयार असते: पोरे मोबाइलमध्ये गुंतली, समाज स्वार्थी झाला. ही काचेवरची सिलिकॉनची पट्टी आहे. त्याऐवजी वही काढा. कोण कधीपासून येत नाही, बैठकीची वेळ मजुरी करणाऱ्याला जमते का, मुली किती वाजेपर्यंत थांबू शकतात, हिशेब सर्वांसमोर वाचला जातो का, निर्णय कोण घेतो, हे लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला ते पाहा. एक कारण सापडले म्हणून थांबू नका. आणि तपास करत करत टपापर्यंत जाण्याची तयारी ठेवा, कारण वरच्या रंगाला हात लावायची पाळी आली की माणसे बिचकतात.

या पावसाळ्यात त्या गाडीतून ग्रंथाच्या प्रती वाडीवाडीवर कोरड्या पोहोचत आहेत. ज्यांच्या गाडीत, घरात किंवा संघटनेत पाणी येत असेल त्यांनी उद्या सकाळीच पहिली नोंद करावी. तारीख, पाऊस किती, पाणी किती. बाकीचे त्या वहीतूनच निघेल.

जय भीम!